बावीस माणसं, सहा टाक्या

निवृत्त झाल्यापासून लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. गुडघे कसे आहेत, आणि कोरोनात भीती नाही का वाटली. गुडघे बरे आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मी आजवर "वाटली की" एवढंच म्हणून विषय संपवत आले. या अंकाच्या संपादकांनी तीनदा फोन केला तेव्हा म्हटलं, एकदाचं नीट सांगून टाकावं. मात्र कुठं शिकले, कुठं कुठं बदली झाली, कोणत्या साहेबांनी शाल दिली ते सगळं गाळते. चौतीस वर्षं परिचारिका होते, शेवटची नऊ वर्षं परिसेविका, म्हणजे वॉर्ड जिच्या ताब्यात असतो ती सिस्टर. एवढं पुरे. लिहायचं आहे ते एका दिवसाबद्दल.

दुसऱ्या लाटेतला उन्हाळा. बीडहून चौसाळ्याकडं जाताना हमरस्त्यापासून थोडं आत एक मुलींचं वसतिगृह होतं. शाळा बंद, मुली आपापल्या गावी. तिथं चोवीस खाटा टाकून ऑक्सिजनचं केंद्र केलं आणि मला तिथं नेमलं. भिंतीवर मुलींनी लावलेली बाराखडी तशीच होती. डॉक्टर एकच, डॉ. पल्लवी, वय सव्वीस, कंत्राटी. आणि टाक्या सांभाळायला गफूरमामा. हुद्द्यानं कक्षसेवक, पण ते एक दिवस आजारी पडले असते तर आम्ही सगळे बसलो असतो.

आता धंद्यातली गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ऑक्सिजन म्हणजे शेतातलं पाणी, जास्त सोडलं की जास्त बरं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक काचेची नळी असते, तिच्यात एक छोटा मणी. नॉब फिरवला की मणी वर चढतो. मणी चारवर तर मिनिटाला चार लिटर, दहावर तर दहा. दुसरं यंत्र बोटाला लावायचं, ऑक्सिमीटर. रक्तात किती ऑक्सिजन पोचला ते त्यावर दिसतं. सिस्टरचं काम म्हणजे या दोघांची सांगड घालणं. बोटावर ब्याण्णव-चौऱ्याण्णव राहील एवढाच मणी चढवायचा. नव्व्याण्णव आले म्हणून कुणी बक्षीस देत नाही. वर गेलेला ऑक्सिजन नुसता वाया जातो.

आणि बोटाचं यंत्रही आंधळं असतं. एक नवी नवरी आली, यंत्रावर एक्क्याऐंशी. घरच्यांनी टाहो फोडला. पोरगी आपली टुकूटुकू बघतेय, एका दमात बोलतेय. मी तिचा हात उलटा केला, बोटं नखापर्यंत मेंदीनं काळी. यंत्र कानाच्या पाळीला लावलं, सत्त्याण्णव. सासू म्हणाली, "आता गं बया!" आणि तिथंच फतकल मारून हसायला लागली.

तर तो दिवस. नऊ नंबरला ठकूबाई होती. मेंढरंवाली, साठीच्या पुढची, हाडानं काटक. आली तेव्हा तिच्याही बोटावर काही उमटेना, कारण उन्हापावसात बोटाची कातडी बाभळीच्या सालीसारखी झालेली. कानाला लावलं तर अठ्ठ्याहत्तर. तरी बया उठून चालली होती. "मला सोडा वो बाई. मेंढरं माळावर हायेत. म्हातारा एकटा हाय, त्याला सांजचं दिसत न्हाई." शेवटी मी रोज दुपारी माझ्या फोनवरून तिच्या म्हाताऱ्याला फोन लावून द्यायचं कबूल केलं, तेव्हा झोपली. रोजचा प्रश्न एकच, "बांडीचं कोकरू पेलं का?" पालथं झोपायला सांगितलं की निमूट पालथी व्हायची. पालथं झोपलं की पाठीकडचं फुप्फुस मोकळं होतं आणि बोटावरचा आकडा पाच-सहानं वर येतो. औषध नाही, सुई नाही. पण हा फुकटचा उपाय म्हणून कुणाला पटायचा नाही.

दहा नंबरला बापूसाहेब. पूर्वी पंचायत समितीत होते, चाळीस एकर बागायत, आवाज असा की रस्त्यावरून ऐकू यावा. आता मात्र एक वाक्य तीन तुकड्यांत. त्यांचा पुतण्या विक्रम दिवसभर त्यांच्या उशाशी. बंदी होती, पण त्या दिवसांत ती कुठंच पाळली जात नव्हती. मी मणी पाचवर ठेवून गेले की विक्रम दहावर न्यायचा. मी परत खाली, तो परत वर. बापूसाहेबांना पालथं व्हा म्हटलं की ते फक्त हात हलवायचे. पोट मोठं, मान दुखायची, आणि माणसांसमोर पालथं पडायची सवय नव्हती.

अकराच्या सुमारास गफूरमामा दाराशी आले. आत बोलेनात, मलाच बाहेर बोलावलं.

"सिस्टर, धाची गाडी आली न्हाई. भरलेल्या सहाच टाक्या हायेत."

"किती वेळ पुरतील?"

"आत्ता जसं चाललंय तसं चाललं तर एक टाकी चाळीस मिनटं. तीन वाजेपर्यंत. लई झालं तर सव्वातीन."

डॉक्टरांनी गाडीवाल्याला फोन लावला. घाटाच्या वळणावर गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. गाडी भरलेली, माणसं सुखरूप, पण गाडी जागची हलत नाही. वरच्या ऑफिसातून उत्तर आलं, दुसरी गाडी बघतो, संध्याकाळ होईल.

पल्लवी माझ्याकडं बघत होती. पीपीई किटमधून डोळेच दिसायचे, तेवढे पुरेसे होते. म्हणाली, "सिस्टर, पेशंट हलवायचे का?"

"बावीस जणांना बावीस गाड्या लागतील आणि बीडात बावीस खाटा. दोन्ही नाहीत. आधी मणी खाली आणू."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे. ज्याला जेवढा लागतो तेवढाच."

मला त्या वेळी भीती वाटत होती का? हो. पण त्याहून जास्त मला माहीत होतं की हे काम मला येतं. डॉक्टर हुशार होती, पुस्तकातलं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक असलेली. पण कोणत्या खाटेवरचा नॉब कोण फिरवतो, कोण खोकला आला की मास्क उशीवर काढून ठेवतो, कोणाची नळी पाठीखाली दबते, ते मला ठाऊक होतं. आम्ही एक नंबरपासून सुरुवात केली. ती बोटावरचा आकडा वाचायची, मी नॉब फिरवायची, दोन मिनिटं थांबायचो, परत आकडा. चार नंबरचे गुरुजी संडासला गेलेले आणि त्यांचा ऑक्सिजन उशीला मिळत होता, पूर्ण आठ लिटर. सात नंबरला ऑक्सिजन ओला करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं, बाजूनं फुसफूस चाललेली. पालथं होऊ शकणाऱ्या प्रत्येकाला पालथं केलं. नऊ नंबरला ठकूबाई आठवर होती. सातवर आणलं तर कानावरचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर घसरला. मी परत आठ केले.

दहा नंबर. मणी दहावर, बोटावर अठ्ठ्याण्णव. मी सहावर आणला. विक्रम उठून उभा राहिला.

"कावून कमी करताय?"

"त्यांना सहा पुरतात."

"त्या मेंढरंवालीला आठ आन आमच्या बापूंना सहा? बापू कोण हायेत ठावं हाय का तुमाला? एक फोन केला तर तुमी उद्या गडचिरोलीला."

"गडचिरोलीला पण नळी अशीच असते. हे बघ दादा, इथं एकरावर मोजत नाहीत, बोटावर मोजतात. त्यांच्या बोटावर अठ्ठ्याण्णव आहेत. तिच्या कानाला ब्याण्णव, तेही आठ देऊन. बापू पालथे झाले तर त्यांना चारच पुरतील."

त्यानं नॉबकडं हात नेला. मी त्याचा हात धरला. चौतीस वर्षांत मी नातेवाइकाचा हात असा कधी धरला नव्हता. वॉर्डात सगळे बघायला लागले. तेवढ्यात पालथ्या ठकूबाईनं मान वळवली, तोंडावर मास्क, आवाज घोगरा.

"बापू, पडा की पालथं. कोन बगतंय हितं? समदेच पालथे हायेत."

बापूसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या पुतण्याच्या हाताकडं. म्हणाले, "विक्रम. सोड. उशी... दे इकडं."

तिघांनी मिळून त्यांना पालथं केलं. छातीखाली एक उशी, पोटाखाली जागा मोकळी. वीस मिनिटांनी चार लिटरवर त्र्याण्णव.

मग मी विक्रमला बाहेर नेलं. तो अजून धुसफुसत होता. मी एवढी वर्षं नातेवाईक बघितलेत, रिकामे हात असले की माणूस नळ फिरवतो, त्याला काम दिलं की तो शहाणा होतो. सगळं खरं सांगितलं. सहाच टाक्या होत्या, आता साडेचारच उरल्यात, गाडी घाटात बंद पडलीय. त्याचा चेहरा उतरला.

"मग मला आदी कावून न्हाई सांगितलं?"

"आत्ता सांगतेय. तुमच्याकडं पिकअप किती?"

"दोन हायेत. कांद्याच्या."

"गफूरमामांना घ्या आणि निघा. घाटातल्या गाडीतल्या टाक्या उतरवून आणा."

गफूरमामा जाणार म्हणजे टाकी बदलणार कोण? पण टाक्या कशाही भरून आणायच्या वस्तू नव्हेत. उभ्या बांधाव्या लागतात, वरच्या वॉल्व्हला धक्का बसला तर टाकी तोफगोळ्यासारखी सुटते. मामाच हवे होते. त्यांनी जाता जाता मला पाना दिला आणि पाच मिनिटांत शिकवलं. "आदी जुनी बंद. मग नट ढिला. नवी उघडायच्या आदी तोंड भिंतीकडं करून एक फुंकर सोडायची, कचरा निघतो. मग जोडायची. साबनाचं पानी लावायचं, बुडबुडा आला तर गळतंय. आन सिस्टर, केसाला तेल लावलंय का?"

"लावलंय."

"हात धुवून घ्या. तेलाचा हात लागला तर पेटतंय."

साडेबाराला ते गेले. दीडच्या आधी माझ्यावर पहिली टाकी बदलायची वेळ आली. टाकी माझ्या खांद्याइतकी उंच, वजन माझ्याहून जास्त. नट सुटेना. पाना दोन्ही हातांनी धरून त्याच्यावर अख्खं अंग टाकलं तेव्हा कुठं कर्रर्र करून हलला. नवीन टाकीची फुंकर सोडली तर अशी किंकाळी की आतून पल्लवी पळत आली. मी साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. सांगायला लाज वाटत नाही, मी त्या टाकीला थोपटलं.

आमच्या पाठीवर मार्करनं नावं लिहिलेली असायची, कारण किटमध्ये कोण कोण ते कळायचं नाही. माझ्या पाठीवर "शिरसाट सिस्टर". हे यासाठी सांगते की तीन वाजता फाटकाशी आलेल्या माणसानं ते वाचलं.

नारायणगडाच्या बाजूच्या गावातली जीप होती. तिशीतला माणूस चालवत आलेला, मागच्या सीटवर त्याची आई. लुगड्याचा पदर तोंडावर, ओठ निळे. मी बोटाला यंत्र लावलं, एकाहत्तर. तिला मिनिटाला पंधरा लिटर लागले असते, आणि तेवढ्यानं भागलंही नसतं. माझ्याकडं त्या क्षणी दोन भरलेल्या टाक्या होत्या आणि एक चालू. खाटाही दोन रिकाम्या होत्या, सकाळीच दोघांना घरी सोडलं होतं. पिकअपचा पत्ता नव्हता. विक्रमचा फोन लागत नव्हता.

पल्लवी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. ती डॉक्टर, निर्णय तिचा. पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि मला कळलं की ती हे एकटी म्हणू शकणार नाही.

मी म्हणाले, "दादा, इथं घेता येणार नाही. बीडला न्या. लगेच."

तो हात जोडून उभा. "बाई, आत घ्या फकस्त. आमी खाली झोपवतो. काय बी चालंल."

"नाही. वेळ घालवू नका."

पेशंट हलवताना लागणारी एक छोटी टाकी आमच्याकडं असायची. ती मी स्वतः जीपमध्ये बांधली, तोंडाला मास्क लावला, मणी कुठं ठेवायचा ते त्याला दाखवलं. पल्लवीनं बीडला फोन करून ओळखीच्या डॉक्टरकडं गयावया केली. जीप गेली. मी परत आत आले, हात धुतले, पाच नंबरची नळी सरळ केली. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं.

चारला शेवटची टाकी जोडली. साडेचारला टाकीवरचा काटा अर्ध्याच्या खाली. मी तेव्हा सगळ्यांना एकदा मोठ्यानं सांगून टाकलं, "गाडी वाटेत आहे. कुणी बोलू नका, कुणी उठू नका, सावकाश श्वास घ्या." वसतिगृहात इतकी शांतता झाली की बाटल्यांतलं पाणी बुडबुडताना ऐकू येत होतं. चार चाळीसला हॉर्न वाजला. हात हॉर्नवरच ठेवून विक्रम फाटकातून आत आला. मागच्या पिकअपमध्ये गफूरमामा टाक्यांना मिठी मारून उभे, अंगभर धूळ. उतरल्या उतरल्या त्यांनी आधी माझी जोडणी तपासली. साबणाचं पाणी लावून बघितलं. मग म्हणाले, "बराबर हाय," आणि भिंतीला टेकून खाली बसले.

त्या दिवशी आतला एकही माणूस ऑक्सिजनवाचून गेला नाही. हे मी छाती पुढं करून सांगते. पुढच्या पंधरवड्यात त्या बावीस जणांपैकी तिघं गेले, आजारानंच. त्यात चार नंबरचे गुरुजी होते. बापूसाहेब अकराव्या दिवशी घरी गेले. माझी गडचिरोलीला बदली झाली नाही. विक्रम पुढं महिनाभर रोज येत राहिला, नातेवाइकांना नॉबला हात लावू देत नसे, "बोटावर बगा, मन्यावर नको" असं ओरडायचा. ठकूबाई सगळ्यात शेवटी सुटली. अँब्युलन्समधून सोडतो म्हटलं तर नको म्हणाली. म्हातारा मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडंला उभा होता. तिनं काठी घेतली, दोन पावलं टाकली, दम लागला, थांबली, परत दोन पावलं. आम्ही फाटकात उभे राहून बघत होतो. शेवटी एका मेंढीच्या पाठीवर हात टेकवून तिनं चाल धरली.

यातला टाक्यांचा भाग मी कधीमधी जवळच्यांना सांगितला आहे. फाटकाशी काय झालं ते मात्र कधी सांगितलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी बीडला घर केलं. दीडेक वर्षापूर्वी एका सकाळी दारात जीप थांबली. एक माणूस उतरला, चप्पल बाहेर काढली.

"शिरसाट सिस्टर तुमीच ना? मी रामदास. तुमी माझ्या आईला टाकी बांधून दिलती."

मी त्याला बसवलं, चहा टाकला. मला वाटलं, भांडायला आलाय. त्यानं कप खाली ठेवला.

"आई चार दिस जगली. बीडला खाट भेटली, पन उशिरा भेटली." मग म्हणाला, "एक इचारू का? खरं सांगा. त्या दिवशी आत खाट व्हती का?"

मी काय सांगावं याचा विचार करत नाही बसले. "होती. दोन होत्या."

"आन गॅस?"

"दोन भरलेल्या टाक्या. आत बावीस माणसं. तुमच्या आईला घेतलं असतं तर त्या साडेचारलाच संपल्या असत्या. नव्या टाक्या पावणेपाचला आल्या. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी मी हेच केलं असतं."

त्यानं मान हलवली. डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"मला वाटलं तुमी न्हाई म्हनाल. समदे म्हनतेत देवाची मर्जी. आन भाऊ म्हनतो, तू उशीर केलास. सकाळी जीप दुसऱ्याचं भाडं सोडाया गेलती, मी दुपारी आलो. तवापासून भाऊ बोलत न्हाई. मला एवढंच इचारायचं व्हतं, बाई. उशीर माझा झाला का?"

सकाळी दहाला आला असता तर मी त्याच्या आईला आत घेतलं असतं. गाडी येणार नाही हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जगली असती का ते मला माहीत नाही. एकाहत्तरवर आलेली फार थोडी माणसं जगली. पण घेतलं असतं.

मी म्हणाले, "उशीर गाडीला झाला, रामदास. तुम्हाला नाही."

हे खरं होतं. सगळं खरं मात्र नव्हतं.

त्यानं चहा संपवला. कप स्वतः मोरीत नेऊन विसळला. आईचं नाव मी तेव्हा विचारलं. कौसल्या. दारापाशी चप्पल घालता घालता तो म्हणाला, "बाजारात जायचं का बाई? त्याच अंगाला चाललोय, सोडतो."

मला काहीच आणायचं नव्हतं. पण मी पिशवी घेतली, दाराला कुलूप घातलं आणि जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसले.